प्रभामंडळ का तापते?

दिवसभराची कामे आवरून, काहीजण तर गेवराई-माजलगावहून एसटीने बीडला येऊन या सभागृहात बसलेले श्रोते मित्रहो,

ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलताना एक पथ्य मला पाळायचे आहे. विषय सोपा करीन, पण सोपा करता करता तो खोटा होऊ देणार नाही. कुठे जरा नेट लावून ऐकावे लागले तर तेवढे ऐकून घ्या.

प्रश्न एवढाच आहे. आपल्याला सूर्याचा जो पृष्ठभाग दिसतो, तो सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापलेला आहे. त्याच्यावर विरळ वायूचे जे वातावरण पसरलेले आहे, ज्याला आपण प्रभामंडळ किंवा कोरोना म्हणतो, त्याचे तापमान दहा ते वीस लाख अंश आहे. उष्णता नेहमी गरमाकडून गाराकडे वाहते, हे शाळेतले पोरही सांगेल. मग खालच्या साडेपाच हजारांनी वरचे वीस लाख तापवले कसे? सरळ वहनाने ते होणे शक्यच नाही. दुसरीच कुठलीतरी वाट असली पाहिजे. ती वाट कोणती, आणि ती शोधायला संगणकाची कितपत मदत झाली, हे आज सांगायचे आहे.

सुरुवात मात्र संगणकापासून करत नाही. आपल्याच मुलखापासून करतो.

२२ जानेवारी १८९८. शनिवार, पौष अमावास्या. त्या दिवशी दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येकडे सरकत गेली. विजयदुर्गच्या किल्ल्यावर सर नॉर्मन लॉकयर आपली यंत्रे मांडून बसले होते. तिथले ‘साहेबाचे ओटे’ आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. (हेलियमचा शोध त्या ओट्यांवर लागला असे पुष्कळदा सांगितले जाते. तसे नाही. हेलियमची वर्णपटातली पिवळी रेघ १८६८ची, आणि तेव्हा लॉकयर इंग्लंडात होते. विजयदुर्गला ते आले ते तीस वर्षांनी. आपल्या किल्ल्याचा मान यामुळे तसूभरही कमी होत नाही; १८९८चे काम स्वतःच्या बळावर मोठे आहे.) पुढे करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा त्यांच्याच हाताखाली चाले. जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आले होते. आणखी पुढे वऱ्हाडात, नागपूरच्या रेल्वेमार्गावरच्या तळणीला ब्रिटिश निरीक्षकांचा तळ पडला होता. तिथे ॲनी माँडर यांनी एका लहानशा कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा असा एक लांबच लांब किरण टिपला, की त्याआधी तेवढा लांब किरण कुणाच्या छायाचित्रात आला नव्हता.

आता घरी गेल्यावर नकाशा घ्या. जेऊर आणि तळणी यांना जोडणारी सरळ रेघ ओढा. ती रेघ कुठून जाते? बीड जिल्ह्यातून जाते. माजलगावच्या आसपासून जाते. म्हणजे त्या शनिवारी भर दुपारी आपल्या खापरपणजोबांच्या डोक्यावर सूर्याचे प्रभामंडळ उघडे पडले होते. अमावास्या शनिवारची, त्यामुळे राक्षसभुवनला गोदावरीकाठी शनीच्या दर्शनाला गर्दीही असणार. पण जगातले मोठमोठे निरीक्षक जेऊरला थांबले, तळणीला थांबले, मधे कुणी थांबले नाही. कारण उघड आहे. जड दुर्बिणी, काचा, खोकी आगगाडीने जिथवर नेता येत, तिथवरच तळ पडत, आणि निजामाच्या राज्यातल्या या मुलखात तेव्हा रूळ नव्हते. बीड शहरात रेल्वे यायला २०२५ साल उजाडले, हे या सभागृहाला मी सांगायची गरज नाही. सावली आपल्या अंगणावरून गेली आणि तिची नोंद मात्र शेजारच्या गावी झाली.

नोंद कसली झाली? एका हिरव्या रेघेची.

१८६९च्या ग्रहणात अमेरिकेत चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांनी प्रभामंडळाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला आणि त्यांना एक हिरवी रेघ दिसली. पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याशी ती नीट जुळेना. हेलियम सूर्यावर आधी सापडला आणि पृथ्वीवर मागाहून. तसेच हेही एखादे नवे मूलद्रव्य असेल असे लोकांना वाटले. त्याला ‘कोरोनियम’ असे नावही देऊन टाकले. १८९८च्या ग्रहणात, म्हणजे आपल्या याच मुलखातून गेलेल्या ग्रहणात, त्या रेघेची तरंगलांबी अचूक मोजली गेली: ५३०३ अँगस्ट्रॉम. आधीचा आकडा चुकीचा होता, त्यामुळे सगळी शोधाशोध चुकीच्या जागी चालली होती. बरोबर आकडा हाती आला तरी उलगडा व्हायला पुढे चाळीसेक वर्षे लागली. जर्मनीत वाल्टर ग्रोट्रियान आणि स्वीडनमध्ये बेंग्ट एडलेन यांनी १९४०च्या आगेमागे दाखवून दिले की ती रेघ कुठल्याही नव्या मूलद्रव्याची नाही. ती लोखंडाची आहे. साधे, आपले लोखंड. फक्त त्याच्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी १३ उडून गेलेले. आणि लोखंडाच्या अणूतून १३ इलेक्ट्रॉन उडवायचे तर तापमान वीस लाख अंशांच्या घरात लागते.

कोरोनियमचे कोडे सुटले आणि त्याच क्षणी त्याहून मोठे कोडे समोर आले. इतके तापमान आले कुठून?

इथे एक हिशेब मांडतो, कारण त्याशिवाय प्रश्न कळणार नाही. सूर्याच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ६.३ कोटी वॅट ऊर्जा बाहेर पडते. प्रभामंडळ शांत भागात तापलेले ठेवायला चौरस मीटरमागे किती लागते? सुमारे ३०० वॅट. दोन लाखांतला एक भाग! सौरडाग असतात त्या धुमसत्या प्रदेशांवर जास्त लागते, तरी ते १०,००० वॅट. म्हणजे ऊर्जेला तोटा नाही. खाली ती प्रचंड पडलेली आहे. खरी अडचण आहे ती वर नेण्याची आणि तिथे मोकळी करण्याची. कोण नेते, आणि नेमके कुठल्या क्षणी सोडते?

नेणारा कोण, याबद्दल आता फारसा वाद नाही. चुंबकीय क्षेत्र नेते. पृष्ठभागाखाली वायू खदखदत असतो, आणि त्या खदखदीत चुंबकीय बलरेषांची मुळे सतत इकडून तिकडे ढकलली जातात. बलरेषांच्या कमानी वर प्रभामंडळात उभ्या असतात आणि त्यांचे दोन्ही पाय खाली रुतलेले असतात. पाय हलले की कमानींना पीळ बसतो, एकीत दुसरी गुंतते. चऱ्हाट वळताना दोन्ही टोके धरून पीळ देत गेले की मधल्या दोरात ताण साठत जातो, तशी या कमानींत ऊर्जा साठते. शिकागोचे युजीन पार्कर यांनी १९७२ साली हे सांगितले, की असा पीळ अनंत काळ गुळगुळीत वाढत राहू शकत नाही. कुठे ना कुठे दोन वेगळ्या दिशांची क्षेत्रे एकमेकांना अगदी चिकटून येणारच, आणि त्यांच्या मधे पातळ पापुद्र्यासारखा विद्युतप्रवाहाचा थर तयार होणारच.

त्या थरात जे घडते, ते चुंबकीय पुनर्जोडणी. हे जरा सावकाश सांगतो.

इतक्या तापलेल्या वायूत, म्हणजे प्लाझ्मात, बलरेषा आणि वायू एकमेकांना सोडत नाहीत. वायू जाईल तिकडे रेषा, आणि रेषा जातील तिकडे वायू. त्यामुळे एरवी एक बलरेषा तुटून दुसरीला जाऊन मिळत नाही. पण विरुद्ध दिशेच्या दोन रेषा एकमेकींवर दाबल्या जातात तेव्हा मधला थर इतका पातळ होतो, की तिथे ही पकड सुटते. डावीकडची अर्धी रेषा उजवीकडच्या अर्ध्या रेषेला जोडली जाते. नव्या रेषा कोपऱ्यात मोडल्यासारख्या वाकलेल्या असतात. त्या झटक्यात सरळ होतात आणि आपल्याबरोबरचा वायू दोन्ही बाजूंना भिरकावतात. साठलेली चुंबकीय ऊर्जा उष्णतेत, वायूच्या झोतांत आणि वेगवान कणांत जाते. सौरज्वालेत, म्हणजे फ्लेअरमध्ये, हेच मोठ्या प्रमाणावर घडते. पार्कर यांनी १९८८ साली म्हटले, की प्रभामंडळ तापते ते याच्याच अगणित बारीक आवृत्त्यांनी. त्यांना त्यांनी नॅनोफ्लेअर म्हटले. बारीक म्हणजे किती? एकात सुमारे एकावर सतरा शून्ये इतके ज्यूल. आपले परळीचे औष्णिक केंद्र, ७५० मेगावॅट, पूर्ण क्षमतेने अखंड चालले तर एवढी ऊर्जा तयार करायला चार वर्षांहून जास्त घेईल. सूर्याच्या हिशेबात ही किरकोळ ठिणगी!

मग सगळे सुटले का? नाही. इथेच गणित अडले होते, आणि बरीच वर्षे अडले होते. पीटर स्वीट आणि पार्कर यांनी पन्नाशीच्या दशकात पुनर्जोडणीचा वेग काढला. दहा हजार किलोमीटर लांबीचा थर घेतला तर त्यांच्या सूत्राने ऊर्जा मोकळी व्हायला सुमारे चार महिने लागतात. प्रत्यक्षात ज्वाला काही मिनिटांत भडकते. मिनिटे कुठे आणि महिने कुठे! हॅरी पेट्शेक यांनी १९६४ साली वेगवान पर्याय सुचवला, पण तो थर तसा टिकतो का याची शंका राहिली. कागदावर पुढे जाता येईना. समीकरणे अशी आहेत की वायू क्षेत्राला ढकलतो, क्षेत्र वायूला ढकलते, आणि दोन्ही एकाच वेळी. हाताने ती सुटत नाहीत.

म्हणून संगणक.

संगणकातला सूर्य म्हणजे काय, हे एका उदाहरणाने जवळून पाहू. नॉर्वेत ऑस्लो विद्यापीठात ‘बायफ्रॉस्ट’ नावाचा प्रोग्राम लिहिला गेला. त्याचे एक सिम्युलेशन सर्वांसाठी खुले केलेले आहे. त्यात सूर्याचा २४ हजार किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा घेतला आहे: खाली खदखदणारा थर, वर प्रभामंडळ. या तुकड्याचे ५०४ गुणिले ५०४ गुणिले ४९६, म्हणजे साडेबारा कोटींहून जास्त कप्पे केले. प्रत्येक कप्प्यात आठ आकडे: घनता, ऊर्जा, वेगाचे तीन, चुंबकीय क्षेत्राचे तीन. मग काळ सेकंदाच्या बारीकशा अंशाने पुढे सरकवायचा आणि शेजाऱ्यांकडे बघून प्रत्येक कप्प्यातले आठही आकडे नव्याने काढायचे. पुन्हा सरकवायचा. पुन्हा काढायचे. सूर्यावरचा तासाभराचा काळ पुढे न्यायला मोठमोठे महासंगणक राबवावे लागतात.

यातून काय मिळाले? दोन गोष्टी, आणि दोन्ही मोलाच्या. पहिली: बोरिस गुडिक्सन आणि आके नोर्डलुंड यांनी २००२च्या सुमारास तळाशी फक्त खदखद दिली, वरून उष्णता म्हणून काहीही घातले नाही, आणि तरी संगणकातले प्रभामंडळ आपोआप दहा लाख अंशांच्या घरात गेले. पार्कर यांची कल्पना निदान ऊर्जेच्या हिशेबात बसते, हे दिसले. दुसरी: २००७ ते २००९च्या दरम्यान नुनो लोरेरो, अमिताव भट्टाचार्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की लांबलचक पातळ थर शाबूत राहतच नाही. त्याचे तुकडे पडतात, चुंबकीय बेटांची माळ तयार होते, आणि त्या तुकड्यातुकड्यांतून पुनर्जोडणी झपाट्याने होते. मघाचे चार महिने पंधरा-वीस मिनिटांवर येतात. अर्धशतकाची अडचण अशी दूर झाली.

पण आता मला जे खरे सांगायचे आहे, ते सांगतो. त्यासाठीच मी हा विषय निवडला.

त्या बायफ्रॉस्टच्या सिम्युलेशनमध्ये एक कप्पा किती रुंद आहे? ४८ किलोमीटर. बीडपासून माजलगाव सरळ रेषेत साधारण तेवढेच. म्हणजे बीड, माजलगाव आणि मधली सगळी गावे मिळून एक कप्पा, आणि त्या सगळ्यांना मिळून तापमानाचा एकच आकडा. आणि प्रत्यक्षात बलरेषा जिथे तुटतात तो थर किती जाड असतो? काही मीटर. सूर्यावर जी पुनर्जोडणी होते ती या कप्प्यात मावतच नाही. कप्प्याहून बारीक जे काही आहे, त्याच्या जागी संगणक एक कृत्रिम घर्षण घालतो आणि तिथे ऊर्जेची उष्णता करून टाकतो. कण-न्-कण मोजणाऱ्या वेगळ्या पद्धती आहेत, त्यांत तो थर दिसतो. पण मग बाकीचा सूर्य हातचा जातो. दोन्ही एकत्र धरणारा संगणक आज जगात नाही.

मग तापमान बरोबर आले कसे? याचे उत्तर विलक्षण आहे. एकूण किती ऊर्जा वर जाते, हे ठरते तळाच्या ढकलाढकलीवरून. ती कुठल्या बारीक वाटेने खर्च होते, यावर एकूण बेरीज फारशी अवलंबून नसते. म्हणून घर्षण खोटे असले तरी बेरीज बरोबर येते. आणि म्हणूनच, मित्रहो, तापमान जुळले एवढ्यावरून यंत्रणा सिद्ध होत नाही. पुनर्जोडणी की लहरी, हा प्रश्न तसाच उरतो. होय, लहरींचाही पक्ष आहे आणि तो कच्चा नाही: हानेस आल्फवेन यांनी सांगितलेल्या चुंबकीय लहरी खालून ऊर्जा घेऊन वर जातात आणि तिथे विरतात, असे मानणारे पुष्कळ आहेत. माझे स्वतःचे मत विचाराल तर धुमसत्या प्रदेशांत पुनर्जोडणीचे पारडे जड आहे, आणि जिथून बलरेषा सरळ अवकाशात जातात तिथे लहरींचा वाटा मोठा असावा. पण हे मत आहे. सुंदर रंगीत चित्रफीत पाहून ‘संगणकाने दाखवले, म्हणजे झाले’ असे कुणी म्हणाले, तर त्याला विचारा: कप्पा केवढा होता? घर्षण किती घातले? निम्मे केले तर उत्तर तेच राहते का? मला वाटते, नव्या पिढीला प्रोग्राम लिहायला शिकवण्याआधी हे तीन प्रश्न शिकवावेत.

निकाल लागायचा तो आकाशाकडे पाहूनच लागेल. आणि या बाबतीत आपल्याकडून झालेले काम अभिमानाने सांगावे असे आहे.

पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले दिव्य ओबेरॉय, सुरजित मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे वापरली. सूर्य अगदी शांत असताना त्यांनी त्यात रेडिओलहरींच्या अतिशय मंद, सेकंदाहूनही कमी टिकणाऱ्या चमका शोधल्या. त्या एखाददुसऱ्या जागी नव्हत्या. सूर्यभर पसरलेल्या होत्या. पार्कर यांनी ज्या बारीक ठिणग्या सांगितल्या, त्यांनी वेगवान इलेक्ट्रॉन सुटत असतील तर रेडिओत असेच काहीसे दिसायला हवे. हे काम २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी चांद्रयान-२वरच्या क्ष-किरण उपकरणाने, एकही धुमसता प्रदेश समोर नसताना, शांत सूर्यावरचे ९८ सूक्ष्म स्फोट नोंदवले. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने सूर्याचे हे एवढे नाजूक मोजमाप करावे, याचे मला आजही अप्रूप वाटते. युरोपच्या सोलर ऑर्बिटर यानाला तर २०२०मध्ये जेमतेम चारशे किलोमीटरपासूनच्या लहान चमका दिसल्या, आणि जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या गटाने तशाच चमका आपल्या सिम्युलेशनमध्ये उमटवून त्यांच्या मुळाशी पुनर्जोडणी असल्याचे दाखवले.

आणि आदित्य-एल१. २ सप्टेंबर २०२३ला निघाले, ६ जानेवारी २०२४ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या कक्षेत स्थिरावले. त्यावरची अतिनील दुर्बीण ‘सूट’ पुण्याच्या आयुकाने उभारली. बंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे ‘वेल्क’ तिथे सूर्याचे बिंब झाकून कायमचे कृत्रिम ग्रहण लावून बसले आहे. त्याच्या वर्णपटदर्शकाला ज्या मोजक्या रेघा नेमून दिल्या आहेत, त्यांतली एक कोणती? ५३०३ अँगस्ट्रॉम. १८९८ला दोन मिनिटे मिळाली होती, तीच रेघ.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा मागे बसलेल्या महाविद्यालयीन मुलामुलींसाठी. बारीक ठिणग्यांनी प्रभामंडळ तापते की नाही, हे ठरवायची एक कसोटी ह्यू हडसन यांनी १९९१ साली मांडली. स्फोट मोजायचे आणि ऊर्जेप्रमाणे त्यांची वर्गवारी करायची. ऊर्जा दहापटीने कमी झाली की संख्या किती पटीने वाढते? दहापटीहून जास्त वाढत असेल तर लहानांची बेरीज मोठ्यांवर मात करते आणि पार्कर यांची कल्पना टिकते. दहापटीहून कमी वाढत असेल तर लहान ठिणग्यांनी भागत नाही. मोठ्या ज्वालांत ही वाढ सुमारे सहापट भरते. लहान चमकांबद्दल मात्र वेगवेगळ्या गटांचे आकडे दहाच्या दोन्ही बाजूंना पडलेले आहेत, कारण पार्श्वभूमीतून चमक वेगळी कशी काढायची यावर एकमत नाही.

हे काम करायला रूळ लागत नाहीत. नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीची २०१०पासूनची चित्रे खुली आहेत, दर बारा सेकंदांना एक. आदित्यची निरीक्षणे इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर आहेत. बायफ्रॉस्टचे साडेबारा कोटी कप्पेही खुले आहेत. एक शांत प्रदेश निवडा, तासाभराची चित्रे घ्या, चमक कशाला म्हणायचे याचा नियम आधी लिहून ठेवा आणि मग मोजा. नियम थोडा बदलून पुन्हा मोजा, आकडा किती हलतो ते पाहा. त्यानंतर तीच मोजणी सिम्युलेशनमधल्या चमकांवर करा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. एम.एस्सी.च्या प्रकल्पात बसेल एवढे हे काम आहे. कुणाला करायचे असेल तर व्याख्यानानंतर मला इथेच भेटा. सुरुवात कुठल्या फाईलपासून करायची ते मी दाखवतो.